आतून लागणारी कडी

"ही भिंत पाडावी लागणार," असं म्हणत नगरपरिषदेच्या शिंगटे ओव्हरसियरनं फितीचं टोक कुंपणाला लावलं. तेव्हा बंडू मिस्त्री नव्या खोलीच्या दाराची चौकट ओळंब्यानं सरळ करत होता आणि माझी नणंद कुंदा त्याला बजावत होती, "मिस्त्री, बाकी कसंही करा. कडी तेवढी आतून बसवा. आणि हलली नाही पाहिजे."

फितीकडं तिचं लक्षच नव्हतं. बाजारात स्वतः जाऊन आणलेली लोखंडी कडी तिनं पदराखाली धरली होती. दारच उभं राहिलं नव्हतं, तर कडी कुठं बसवणार? पण सकाळपासून ती हातातून सोडत नव्हती.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. आमचं तालुक्याचं गाव तेव्हा एवढं पसरलं नव्हतं. सोसायटीच्या प्लॉटवर आमचं दोन खोल्यांचं आणि स्वयंपाकघराचं घर, मागं थोडं परस, आणि परसाला लागून लोखंडेबाईंची खिडकी. कुंदा त्या वर्षी संक्रांतीला एक ट्रंक घेऊन सासरहून, इचलकरंजीहून आली ती राहायलाच. एक कान सुजलेला होता. तिळगूळ वाटायला आलेल्या बायकांना तिनं गार वाऱ्याचं कारण सांगितलं आणि बायकांनी ते मानून घेतलं.

आमच्यात जावयाचं नाव घेत नाहीत. म्हणून मीही त्याला जावईबापूच म्हणते, म्हणताना तोंड कडू होतं तरी. मार खाल्ल्याचं कुंदानं मला कधी सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की जावईबापूंनी घरातल्या सगळ्या दारांच्या आतल्या कड्या काढून टाकल्यात. न्हाणीच्यासुद्धा. "आंघोळ करताना मी एका हातानं दार धरून बसते, वहिनी," ती म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला लागली.

आमच्याकडं ती स्वयंपाकघरात निजायची. मांजर हललं तरी उठून बसायची. आमच्या ह्यांना ते बघवेना. हे माणूस वाईट नव्हते, हे मी आजही म्हणेन. परसात एक खोली बांधायची, तिला तिची चूल, तिचं दार, मग कुणाची टाप आहे तिला न्यायची, असं त्यांनी एका संध्याकाळी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी विटा आणल्या. नगरपरिषदेची परवानगी काढा, असं मी म्हटलं होतं. त्यावर ह्यांचं म्हणणं असं की आपल्या जागेत आपण बांधायचं, त्यात नगरपरिषदेला काय विचारायचं? ह्यांच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की मागाहून आलेली गोष्ट दारातूनच परत जायची.

शिंगटे मात्र सरळ माणूस होता. ओसरीवर बसून चहा घेता घेता त्यानं सगळं नीट समजावलं. कुंपणापासून ठरलेलं अंतर मोकळं सोडावंच लागतं, वाऱ्याला आणि आगीच्या बंबाला. आमची भिंत दोन फूट बाहेर गेली होती. शिवाय एका प्लॉटवर दुसरी चूल मांडली की कायद्यानं ते दुसरं घर होतं, त्याला वेगळी परवानगी लागते. तक्रार कुणी केली ते त्यानं सांगितलं नाही, पण लोखंडेबाईंच्या खिडकीचा पडदा जरा जास्तच हलत होता.

"खराडे, माझं ऐका," तो ह्यांना म्हणाला. "भिंत दोन फूट आत घ्या, नकाशा काढून अर्ज टाका. तीनेक महिन्यांत परवानगी येईल. मग त्या खोलीच्या विटेला कुणी हात लावणार नाही. नाहीतर नोटिशीची मुदत संपली की मलाच माणसं घेऊन यावं लागेल."

मी म्हटलं, घ्या आत. कुंदा म्हणाली, "तीन महिने काय, दादा, मी सहा महिने थांबते की." पण ह्यांचा चेहरा उतरला होता. बहिणीसाठी बांधलेली भिंत शेजारणीच्या डोळ्यांदेखत पाडायची, हे त्यांना सोसणारं नव्हतं. आणि ह्यांच्या त्या पडलेल्या चेहऱ्यावर बंडू मिस्त्रीनं तोडगा काढला.

"अण्णा, पाडताय कशाला?" तो म्हणाला. "आत देव बसवा. बाजारपेठेत ती कोपऱ्यावरची दुकानं बघा. भितीत मारुती हाय म्हणून अजून उभी हायती. साहेब लोक समद्याला हात लावत्यात, शेंदराला लावत न्हाईत."

मग देव कुठून आणायचा याची चर्चा झाली. विकत आणला तर दुकानदार बोलणार. मिस्त्रीची नजर मोरीकडं गेली. तिथं माझा जुना वरवंटा पडला होता. माहेराहून पाट्याबरोबर आलेला, एका टोकाला टवका उडाला म्हणून मी टाकून दिलेला. याच वरवंट्याला माझ्या मुलाच्या बारशाला कुंची घातली होती, आणि कुंदानं आत्या म्हणून तो पाळण्याखालून घेतला होता. मिस्त्रीनं तो धुतला, टवका खाली करून कोनाड्यात सिमेंटमध्ये उभा केला, तेलात शेंदूर कालवून फासला. ह्यांनी सराफाकडून चांदीचे डोळे आणले. पाया खणताना निघाला, असं सांगायचं ठरलं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी त्या अर्धवट खोलीत उभ्या राहून हसलो. पोटात दुखेपर्यंत हसलो. "वहिनी, तुमच्या वरवंट्याला डोळे फुटले," कुंदा म्हणाली आणि भिंतीला टेकून खालीच बसली. संक्रांतीपासून ती हसलेली मी पहिल्यांदा पाहत होते. एका कोपऱ्यात तो राहील, एका कोपऱ्यात मी, तेवढीच सोबत, असं तिचं म्हणणं. हेही म्हणाले की प्रकरण थंड झालं की उचलून ठेवू. मला ते सगळं पोरखेळासारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

मुदत संपल्यावर शिंगटे चार माणसं, पहारी घेऊन आला. तोवर लोखंडेबाई हळदकुंकू, नारळ घेऊन आत बसलेल्या. ज्यांच्या तक्रारीनं नोटीस निघाली त्याच. पाया खणताना देव निघाला हे त्यांच्या कानावर गेलं आणि आपल्या खिडकीसमोर देव प्रकट झाला म्हणजे तो आपल्यासाठीच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. त्यांनी शिंगट्याच्या कपाळालाही कुंकू लावलं. त्यानं चपला काढल्या, हात जोडले, माणसांना पहारी खाली ठेवायला सांगितल्या. जाताना ह्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "खराडे, भिंत वाचवलीत. खोली घालवलीत."

आम्हाला वाटलं, हरलेला माणूस काहीतरी बोलायचं म्हणून बोलतोय.

पत्रे चढले, गिलावा झाला. कुंदानं चांगला दिवस बघून ट्रंक उचलली आणि खोलीत नेऊन ठेवली. दुपारी लोखंडेबाई चार बायकांना घेऊन आल्या. भांडायला आल्या नव्हत्या, फार गोड बोलत होत्या. बाईमाणूस, महिन्याचे चार दिवस येतात, देवापुढं निजायचं कसं? उद्या ती तिथं सुकटीची फोडणी देणार, ते चालेल का? तिचा नवरा तर ढळढळीत जिवंत आहे, मग असं देवाच्या आडोशाला राहणं बरं दिसतं का? कुंदा ऐकून घेत होती. मी म्हटलं, खोली आमची आहे. तेव्हा त्यातली एक म्हणाली, "होती. आता देवाची झाली की हो."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी खरं बोलायचं तर खोली पडणार होती. खोटं रेटायचं तर कुंदाला बाहेर काढायला लागणार होतं. हे म्हणाले, थोडे दिवस ट्रंक घरात आणू. कुंदानं मुकाट्यानं ती परत स्वयंपाकघरात आणली.

मग मंगळवारची आरती सुरू झाली. येणाऱ्यांना कधीही दर्शन घडावं म्हणून लोखंडेबाईंच्या मालकांनी लोखंडी जाळी करून दिली. कुंदाच्या खोलीचं लाकडी दार, नवं कोरं, रंगसुद्धा न लागलेलं, बिजागऱ्यांतून काढून परसात भिंतीला टेकवून ठेवलं. पावसाळाभर ते तिथं भिजत होतं. कुंदा त्याच्यावर पोतं टाकायची, वाऱ्यानं उडालं की पुन्हा टाकायची. कडी तिनं ट्रंकेत ठेवली होती.

आरतीच्या वेळी हे पुढं उभे असायचे. सुरुवातीला माझ्याकडं बघून हळूच डोळा मिचकावायचे. पुढं ते डोळे मिटून उभे राहायला लागले. कुणाचा ताप उतरला, कुणाची हरवलेली म्हैस सापडली, लोक येऊन ह्यांच्या पायाशी वाकायला लागले. डोळा मिचकावणं नेमकं कधी थांबलं ते मला कळलं नाही. पण एके दिवशी मी वरवंटा म्हटलं आणि हे चिडले.

नवरात्रात जावईबापू आले. स्टँडवरून अनवाणी चालत आले, हातात नारळ आणि हार. आधी घरात आले नाहीत. सरळ जाळीपाशी गेले आणि लोटांगण घातलं. आरतीला जमलेली सगळी मंडळी बाजूला झाली. कुंदा माझ्याबरोबर स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझा दंड धरला होता, आणि तिचं बोट न बोट मला जाणवत होतं.

जावईबापूंनी उठून जाळीच्या आत जाऊन देवावर हात ठेवला. "चुकलं माझं," ते मोठ्यानं म्हणाले. "या देवाची शपथ, हिच्या अंगाला पुन्हा बोट लावणार नाही."

सगळ्यांचे डोळे भरून आले. लोखंडेबाईंनी तर पदर डोळ्याला लावला. आता आणखी काय हवं, जागृत देव आहे, मोडणाऱ्याचं वाटोळं होईल, असं पुरुष मंडळी ह्यांना समजावत होती.

मी पुढं गेले. सगळ्यांसमोर म्हणाले, "तो देव नाही. तो माझा वरवंटा आहे. मी त्याच्यावर चटण्या वाटल्यात. उपटून बघा, खाली टवका उडालेला आहे."

मग लोखंडेबाई हलक्या आवाजात बाजूच्या बाईला म्हणाल्या, अष्टमी आहे, अंगात आलं असेल. एका म्हातारीनं माझ्यापुढं हात जोडले. ह्यांनी मला दंडाला धरून घरात आणलं आणि मागं दार लोटलं. माझ्या शब्दाला त्या दिवशी त्या दगडाएवढीही किंमत नव्हती. तो संताप अजून माझ्या अंगात आहे.

कुंदा आत आली. ती ओरडली नाही. शांतपणे भावाला म्हणाली, "दादा, तूच मांडलास ना तो?"

"मांडला मीच," हे म्हणाले. त्यांना तिच्या डोळ्यांत बघता येईना. "पण आता बसलाय तो, कुंदे. एवढी माणसं वेडी आहेत का? आणि तो माणूस एवढ्या लोकांत कबूल झालाय. आता तुला नाही म्हटलं तर मी लोकांना काय सांगू?"

"लोकांना," कुंदा म्हणाली.

खरं लोकांना सांगायचं झालं असतं तर ह्यांना देव काढायला लागला असता. देव काढला की खोली पडणार, आणि खोलीपेक्षा जास्त, या काही महिन्यांत मिळालेला मान जाणार. कुंदाला ते माझ्याआधी कळलं. ती ट्रंक भरायला लागली. मी म्हटलं, वन्सं, जाऊ नका, स्वयंपाकघरात जन्मभर राहा, मी बघते कोण बोलतंय ते. ती म्हणाली, "जन्मभर स्वयंपाकघरात निजून कसं चालेल, वहिनी? तुमची पोरं मोठी होतील." मग ट्रंकेच्या तळातून कडी काढून माझ्या हातात दिली. "तिकडं ही लावू देणार नाहीत. इथंच राहू दे. परत आले की बसवू."

हे तिला स्टँडवर सोडायला गेले. एस. टी. सुटताना जावईबापूंनी तिला खिडकीची जागा दिली, हे ह्यांनी घरी येऊन मला मुद्दाम सांगितलं.

दिवाळीला तिला आणायला जायचं ठरलं होतं. त्याआधीच वसुबारसेला शेजारच्या दुकानात फोन आला. माडीच्या जिन्यावरून पडली म्हणे. आम्ही पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. जावईबापू भिंतीला डोकं आपटून रडत होते आणि दोघंजण त्यांना धरून बसले होते.

आंघोळ घालायला आम्ही बायका आत गेलो. न्हाणीच्या दाराला आतून कडी नव्हती. चौकटीत स्क्रूची भोकं तशीच होती. मी कुंदाचा पदर बाजूला केला. गळ्यावर बोटं उमटली होती. एका बाजूला चार, एका बाजूला एक. जिन्याला बोटं नसतात. मी तांब्या खाली ठेवला, बाहेर आले आणि ह्यांना हाताला धरून आत नेलं. पुरुषानं तिथं यायचं नसतं, बायका ओरडल्या. मी म्हटलं, येऊ दे, भाऊ आहे. त्याच्या देवाची शपथ कशी पाळली गेली ते त्याला बघू दे.

हे बघत उभे राहिले. मग खाली बसले आणि कुंदाचे पाय धरून राहिले. पोलिसांत मीच गेले. केस उभी राहिली, साक्षी फिरल्या, तीन वर्षांनी जावईबापू सुटले. त्यांनी दुसरं लग्न केलं असं नंतर कानावर आलं.

दहावा झाल्यावर मी घरी आले ती सरळ परसात गेले. मंगळवार होता, आरतीची तयारी चालली होती. जाळी उघडून मी आत शिरले आणि पहारीनं कोनाड्यातला दगड उखडला. सिमेंट फुटायला वेळ लागला. बायका किंचाळत होत्या, लोखंडेबाई ह्यांना हाका मारत होत्या. हे दारात येऊन उभे राहिले. मला अडवलं नाही, मदतही केली नाही. दगड निघाला तो मी उलटा करून सगळ्यांना टवका दाखवला. चांदीचे डोळे लोखंडेबाईंच्या हातावर ठेवले. मग मोरीवर बसून वरवंटा राखेनं घासला. शेंदूर पुरता गेला नाही, बारीक चिरांत राहिलाच.

देव गेल्यावर भिंत पुन्हा बेकायदेशीर झाली. लोखंडेबाईंनी या वेळी पडद्याआडून नाही, समोर येऊन तक्रार केली. शिंगटे आला. त्याला सगळं कळलेलं होतं. फीत खिशातच ठेवून तो ओसरीवर बसला. मी त्याला म्हटलं, "साहेब, खडूनं रेघ मारून द्या. भिंत कुठं घ्यायची ते दाखवा."

बंडू मिस्त्रीला बोलावलं, पण तो आला नाही. दुसरा गवंडी आणला. जुनी भिंत ह्यांनी स्वतः पाडली, एकेक वीट साफ करून रचून ठेवली. त्या दिवसांत हे माझ्याशी फारसं बोलले नाहीत, आणि पुढंही कधी पहिल्यासारखं बोलणं झालं नाही. नकाशा काढला, अर्ज टाकला. मी दर आठवड्याला नगरपरिषदेत जाऊन बसायची. कारकून म्हणायचा, बाई, रोज रोज येऊन परवानगी लवकर मिळणार नाही, तिची वेळ झाली की मिळेल.

होळीच्या सुमारास परवानगी आली. शिंगट्यानं सांगितलेल्या मुदतीतच आली. एक दिवस इकडंतिकडं नाही झाला म्हटलं तरी चालेल. राहण्याची एक खोली, वेगळ्या स्वयंपाकाच्या सोयीसह, असं त्यात लिहिलं होतं. ते वाचून मला रडू आलं नाही. मला एवढंच वाटलं, की हे एवढं सोपं होतं.

परसातलं दार पावसानं खालून फुगलं होतं. सुताराकडून तासून घेतलं, रंग दिला, चौकटीत बसवलं. कपाटातून कडी काढून मी स्वतः उभी राहून बसवून घेतली. सुतार मजुरी घेऊन गेला. हे ओसरीवर पाठ करून बसले होते.

मी आत गेले. खोली मोकळी होती. एका कोपऱ्यात नवा ओटा, दुसऱ्या कोपऱ्यात कुंदाची ट्रंक, इचलकरंजीहून परत आणलेली. मी दार लावून घेतलं आणि कडी सरकवली. मग बाहेरून ढकलतात तसं दार दोन्ही हातांनी जोरात ओढून पाहिलं. पुन्हा पुन्हा ओढून पाहिलं.

ती हलली नाही.